मेजर नसलेले आपले मेजर

(आपल्या सोसायटीच्या पहिल्या खजिनदारांच्या स्मरणार्थ १ जून २०२५ रोजी सोसायटीच्या सभागृहात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे आवरून लिहिले आहे.)



मला दहा मिनिटं दिली आहेत. मी बँकेत छत्तीस वर्षं काढली, त्यामुळे घड्याळ समोर ठेवून बोलणार. पण विषय मेजरांचा आहे, थोडं इकडं-तिकडं होईल, सांभाळून घ्या.

आज १ जून. शाळेच्या दाखल्याप्रमाणे आज मेजरांना नव्वद वर्षं पूर्ण झाली असती. शाळेच्या दाखल्याप्रमाणे म्हणतो, कारण आपल्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनच आहे. गुरुजींनी पोरगं उभं केलं, उंची बघितली, आणि तारीख टाकून दिली. मेजर सांगायचे, "आई म्हणायची, तू झालास तेव्हा रानात ज्वारीची काढणी चालली होती. म्हणजे मी शिवरात्रीच्या आगेमागेचा. माझी पहिलीच नोंद चुकली की ओ साहेब, म्हणून पुढच्या सगळ्या जपून कराव्या लागल्या."

मी त्यांचं नाव घेत नाहीये हे तुमच्या लक्षात आलं असेल. पंचवीस वर्षांत त्यांना नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. आपल्याकडं गावातला माणूस मिलिटरीत गेला की तो परत येताना मेजर होऊनच येतो, मग तो शिपाई असो नाहीतर सुभेदार. आपले मेजर हवालदार क्लार्क म्हणून निवृत्त झाले. सुरुवातीला ते प्रत्येकाला सांगायचे, "अहो, मी मेजर नव्हे, हवालदार. मेजर साहेब लोक असतात." सोसायटीच्या पहिल्या सभेच्या इतिवृत्तात सचिवांनी, म्हणजे मीच, 'मेजर' असं लिहिलं, तर त्यांनी ते खोडून 'हवालदार (निवृत्त)' असं केलं आणि बाजूला सही केली. ते पान अजून दप्तरात आहे. नंतर त्यांनी नाद सोडला. एकट्या माणसानं सगळ्या गावाची चूक दुरुस्त करायची म्हणजे अवघडच.

मॅट्रिक झाल्यावर १९५५ साली ते भरती झाले. आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, म्हणजे रसद. पीठ, डाळ, तेल, चहा, साखर, पेट्रोल, खेचरांचा चारा, सगळं पुढच्या जवानापर्यंत पोचवायचं काम. ट्रेनिंग बंगळूरला. घरात मराठीबरोबर कानडी असल्यामुळं तिथं त्यांना परकं वाटलं नाही. सिनेमात आपण बंदूकवाला जवान बघतो. पण त्या जवानाला दोन वेळचं मिळालं की नाही हे लिहून ठेवणारा एक माणूस मागं तंबूत कंदिलाखाली बसलेला असतो, तो आपण बघत नाही. मेजर म्हणजे तो माणूस.

१९६२ला ते आसामात होते. नोव्हेंबरात चिनी फौजा खाली उतरल्या आणि तेजपूर गाव रिकामं झालं, तेव्हा तिथल्या स्टेट बँकेनं नोटा जाळल्या आणि नाणी तळ्यात टाकली, हे मी बँकेत नोकरीला लागल्यावर जुन्या लोकांकडून ऐकलं होतं. मेजरांना मी मोठ्या उत्साहानं विचारलं, तुम्ही बघितलं का? ते म्हणाले, "मी तेजपूरला नव्हतो. पण साहेब, जाळण्याआधी नोटांचे नंबर उतरून घेतले होते काय?" मला त्या गोष्टीत धूर दिसत होता, त्यांना रजिस्टर.

१९६५ला ते पंजाबात. त्याबद्दल फारसं बोलायचे नाहीत. एवढंच सांगायचे, की रस्त्यावरच्या गावांतल्या बाया रोट्या आणि लस्सी घेऊन ट्रकसमोर उभ्या राहायच्या, आणि त्या रोट्या कोणत्या रकान्यात लिहायच्या हे त्यांना कळायचं नाही. फुकट आलेलं धान्यही जमा धरावं लागतं ना.

पण मला आज सविस्तर सांगायचंय ते १९७१नंतरचं.

१६ डिसेंबर १९७१ला ढाक्याला शरणागती झाली. त्र्याण्णव हजारांच्या आसपास युद्धकैदी आपल्याकडं आले. तेरा दिवसांत लढाई संपली, पण एवढ्या माणसांना रोज जेवू घालायचं काम पुढं दोन वर्षांहून जास्त चाललं. १९७२च्या जुलैत सिमला करार झाला, तरी बहुतेक कैदी परत गेले ते १९७३-७४मध्ये. मेजरांची बदली उत्तरेकडच्या एका कैदी छावणीच्या रेशनवर झाली. जिनिव्हा करारात असं आहे, की कैद्याला पुरेसं आणि बऱ्यापैकी अन्न द्यायचं, आणि प्रत्येक कैद्याच्या नावानं पैशाचं वेगळं खातं ठेवायचं. त्याच्या नावावर किती जमा, किती दिले, बाकी किती. मी बँकवाला असून मला हे माहीत नव्हतं. शत्रूचंसुद्धा खातं उघडावं लागतं, आणि तेही जुळावं लागतं.

आता तेच दिवस इथं कसे होते ते आठवा. इथं बसलेल्या साठीच्या पुढच्या लोकांना सांगायला नको. बहात्तरचा दुष्काळ. काळ्या रानात हात-हात भेगा. विहिरींना तळ. माणसं खडी फोडायला गेली. सुकडी मिळायची, आणि अमेरिकेतून आलेला तो लाल मिलो. मिलोची भाकरी थापली की तुटायची, आणि खाल्ली की पोटात दुखायचं. मेजरांच्या सौभाग्यवती, आपल्या सगळ्यांच्या काकू, तेव्हा दोन लेकरांना घेऊन सासऱ्यांबरोबर इथंच होत्या. त्या रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायच्या. मोठी लेक सहा-सात वर्षांची, ती धाकट्याला सावलीत धरून बसायची. (ती लेक आज समोर बसली आहे.) काकूंना लिहिता येत नव्हतं. पोस्टमनकडून आंतरदेशीय पत्र लिहून घेतलं, ५६ एपीओच्या पत्त्यावर: पोरं मिलो खाईनात.

ते पत्र मेजरांना छावणीच्या गोदामात मिळालं. गव्हाच्या थप्प्यांमध्ये उभं राहून वाचलं म्हणे.

मी त्यांना एकदा विचारलं. आम्ही संध्याकाळी तेरा मैलाच्या बाजूला फिरायला जायचो तेव्हा. म्हटलं, मेजर, तुमच्या मनात काहीच आलं नाही? शेकडो पोती तुमच्या सहीनं जात होती. ती पण त्या लोकांना, ज्यांच्याशी आपण लढलो.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आलं की. न यायला मी काय देव हाय का? त्या दिवशी मी रेशन वाटपाच्या वेळी उभा राहिलो नाही. दुसऱ्याला उभा केला. माझा हात कुणाच्या ताटात कमी पडंल म्हणून भ्या वाटलं." आणि पुढं, "रात्री बेरीज तीनदा केली. तीनदा बरोबर आली."

पुढं काय केलं, तर स्वतःच्या मेसचा खर्च आणि विडी बंद केली, आणि मनीऑर्डर वाढवली. बस, एवढंच. मला वाटलं होतं काहीतरी मोठं ऐकायला मिळेल.

१९७५ला वीस वर्षं करून ते पेन्शनवर आले. आल्यावर त्यांनी एक हिशेब मांडला. वीस वर्षांत वार्षिक रजा मिळून आपण घरी किती दिवस होतो? बेरीज साडेतीन वर्षांच्या आत भरली. काकूंना वाचून दाखवली. काकू म्हणाल्या, "मग बाकीचं कवा देणार?" हे त्यांनी चेष्टेत घेतलं नाही. त्यानंतर सोलापुरात चादरीच्या एका कारखान्यात हिशेबनीस म्हणून एकवीस वर्षं नोकरी केली. सकाळी एसटीनं जायचं, संध्याकाळी एसटीनं यायचं. मालकांनी सोलापुरात खोली देऊ केली होती, घेतली नाही. शनिवारी विणकरांचा आठवड्याचा पगार असायचा. विणकर बहुतेक तेलुगू बोलणारे. मेजरांनी त्यांच्याकडून तेलुगूत शंभरापर्यंत आकडे शिकून घेतले, का, तर माणसाला त्याचा पगार त्याच्या भाषेत मोजून दिला की तो परत मोजत बसत नाही, रांग लवकर सरकते. पगाराला रात्री उशीर झाला की शेवटच्या गाडीनं, नाहीतर ट्रकला हात करून, पण झोपायला मंद्रूपलाच. लेकीचं लग्न विजयपूरला झालं, त्या रात्रीसुद्धा वऱ्हाड परत आणलं आणि मग आडवे झाले. जावईबापू हसताहेत, म्हणजे खरं आहे.

आता आपल्या सोसायटीकडं येतो.

२०००मध्ये आपण नोंदणी केली तेव्हा इथं बाभळी होत्या आणि चिखल. प्लॉटच्या खुणांचे दगड रात्रीतून सरकायचे. खजिनदार कोण, यावर सगळ्यांनी मेजरांकडं बघितलं. त्यांनी अट घातली: पावतीशिवाय एक रुपया घेणार नाही, व्हाउचरशिवाय एक रुपया देणार नाही, आणि रोजकीर्द रोज लिहिणार. चौसष्टाव्या वर्षी सुरू केलं, ते एकोणीस वर्षं केलं. कॉम्प्युटर आला, टॅली आलं, तरी हाताची कीर्द आणि खतावणी सुटली नाही. ऑडिटर यायचे, तेरीज बघायचे, चहा प्यायचे आणि जायचे.

माणूस चिकट होता, हेही सांगतो. आज फक्त चांगलंच बोलायचं असतं, पण त्यांना ते आवडलं नसतं. वॉचमनच्या बॅटरीचे सेल बदलायचे, तर जुने सेल आणून दाखवा म्हणायचे. एका गोष्टीत तर ते चुकलेच, असं माझं आजही मत आहे. आपल्या एका सभासदाचं अकाली निधन झालं. त्यांच्या पत्नीकडं दोन वर्षांची देखभाल वर्गणी थकली. उपविधीप्रमाणे तेव्हा थकबाकीवर व्याज लावता यायचं, एकवीस टक्क्यांपर्यंत. मेजरांनी लावलं, आणि यादी फलकावर डकवली. मी वार्षिक सभेत व्याज माफीचा ठराव मांडला. मेजरांनी विरोधात हात वर केला, सगळ्या सभेत एकट्यानं. म्हणाले, आज एकाला माफ, उद्या ज्याचा आवाज मोठा त्याला माफ. ठराव पास झाला. त्यांनी दुसऱ्या दिवशी ठरावाचा क्रमांक घालून व्याज खर्ची टाकलं आणि पुन्हा विषय काढला नाही. पण त्या बाईंनी पुढं कित्येक वर्षं त्यांच्या दारावरून जाताना मान वळवली. तत्त्वाची गोष्ट यादी फलकावर न लावताही पाळता आली असती. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं, म्हणून इथं सांगायला हरकत नाही.

पण एक गोष्ट तोंडावर सांगितली नाही. तीच सांगायला मी आज उभा राहिलोय, खरं तर.

२००४ची गोष्ट. बँकांचे ठेवीचे दर सहा टक्क्यांच्या आसपास घसरले होते. आपले रस्त्यासाठी आणि पाण्याच्या टाकीसाठी जमवलेले तीन लाख साठ हजार पडून होते. त्या वेळी एक पतसंस्था बारा टक्के देत होती. तिचं नाव घेत नाही, आता ती नाही. मी सचिव, त्यात बँकेतला अधिकारी. मी कार्यकारिणीत मांडलं, की ही रक्कम तिकडं ठेवू, दुप्पट व्याज येईल, रस्ता दोन वर्षं आधी होईल. सगळ्यांनी माना डोलावल्या. बँकवाला सांगतोय म्हटल्यावर कोण बोलणार? चेकवर दोन सह्या लागायच्या, माझी आणि खजिनदारांची. मेजरांनी सही केली नाही.

म्हणाले, "साहेब, हे बुडालं तर विमा हाय का?"

मला माहीत होतं, की ठेव विमा महामंडळाचा विमा बँकांच्या ठेवींना असतो, तेव्हा एक लाखापर्यंत होता, आणि पतसंस्थांना तो लागूच नाही. मला हे चांगलं माहीत होतं, मी गिऱ्हाइकांना हेच सांगायचो. तरी चार लोकांत हरायची लाज वाटली आणि मी बोलून गेलो, "मेजर, तुम्ही मिलिटरीत पोती मोजलीत. बँक मी चालवलीय."

खोली एकदम शांत झाली. त्यांनी पेनाला टोपण लावलं, कीर्द बंद केली आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला माझ्या दारात. बगलेत सहकारी संस्थांचा १९६०चा कायदा, पानाला एसटीचं तिकीट खूण म्हणून घातलेलं. कलम ७०. संस्थेनं आपला निधी कुठं ठेवायचा ते त्यात लिहिलेलं आहे. म्हणाले, "यातल्या कुठल्या ओळीत ही पतसंस्था बसती ते मला दाखवा, मी इथंच सही करतो." चहा घेतला नाही. आदल्या रात्रीचं एक अक्षर काढलं नाही.

पैसे जिथं होते तिथंच राहिले. मी चार-सहा महिने त्यांच्याशी कामापुरतं बोललो.

२००७मध्ये त्या पतसंस्थेचं शटर खाली आलं. सोसायटीचा रुपयाही गेला नाही. हे तुम्हाला माहीत आहे, दर वर्षी कुणीतरी भाषणात सांगतं. जे माहीत नाही ते असं, की मेजरांनी सही केली नाही म्हणून मी हट्टाला पेटून माझे स्वतःचे पावणेदोन लाख तिथं ठेवले होते. ते गेले. हे मी घरातसुद्धा दोन वर्षं सांगितलं नव्हतं. त्या आठवड्यात फिरायला जाताना मेजरांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "साहेब, तुमचं काही अडकलं न्हाई ना?"

मी म्हटलं, "छे, छे."

ते म्हणाले, "बरं." आणि जरा पुढं गेल्यावर, "अडकलं असलं तर अर्ज कुठं करायचा ते मी निबंधक ऑफिसातून विचारून आणलंय." कागद खिशातून काढून माझ्या हातात दिला.

त्यांना माहीत होतं. माझ्याकडं अजून तो कागद आहे. मी चुकलो, हे मी त्यांना पुढच्या सतरा वर्षांत म्हटलं नाही. रोज संध्याकाळी बरोबर फिरायचो, तरी. आज माइकवरून म्हणतोय, त्याला काय अर्थ आहे, मला ठाऊक नाही.

त्याच वर्षी काकूंना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. हळूहळू थोडे शब्द परत आले, पण मराठी आलं नाही, माहेरची कानडी तेवढी आली. नऊ वर्षं मेजरांनी त्यांचं सगळं केलं. वेणीसुद्धा घालायचे. पहिल्या दिवशीची वेणी बघून लेक रडता रडता हसली होती. लेक म्हणायची, बाई ठेवू, ते म्हणायचे, "माझं देणं हाय, बाईला कशाला द्यायला लावू?" कडक भाकरी चुरून, दुधात भिजवून, चमच्यानं. रात्री काकूंच्या पलंगाशेजारी पाट मांडून घरखर्चाची वही लिहायची. आपली कीर्द वेगळी, घरची वेगळी. लिहून झालं की काकू विचारायच्या, "लेक्का सरी आतेन?" हिशेब जुळला का? हे वाक्य त्या चाळीस वर्षं विचारत आल्या होत्या, म्हणून तेच परत आलं असावं. मेजर वही त्यांच्यासमोर धरून एकेक बाब वाचायचे. दूध, औषध, शेंगा, फिनेल. मी दोन-तीनदा तिथं बसलेलो आहे. २०१६ला काकू गेल्या. त्या वर्षी वार्षिक सभेला मेजर आले नाहीत, तेवढी एकच सभा चुकली. ताळेबंद मात्र वेळेवर पाठवून दिला.

शेवटची वर्षं एकट्यानं काढली. मुलगा पुण्याला, बोलवायचा; जायचे नाहीत. वन रँक वन पेन्शनची थकबाकी चार हप्त्यांत यायची होती, ती त्यांनी पेन्सिलीनं आधीच काढून ठेवली. एका हप्त्यात पाचशेच्या आसपास जास्त जमा झाले, तर परत घ्या म्हणून काउंटरवर गेले. काउंटरवरच्या पोराला पैसे परत कसे घ्यायचे तेच माहीत नव्हतं. मला फोन आला, "साहेब, तुमच्या लोकांना जमा करून घेता येत नाही काय?" दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला. बोटं इतकी झिजली होती, की मशीनवर ठसा उमटायचा नाही. "मशीन म्हणतंय मी न्हाई," म्हणायचे, आणि चार-पाच वेळा अंगठा पुसून पुन्हा लावायचे. गेल्या नोव्हेंबरातही दिला.

जानेवारीत, सोलापुरात गड्ड्याची यात्रा चालू असताना, रात्री झोपेत गेले. तिरंगा आणून घातला तो त्यांच्याच कंपनीतल्या एका माणसाच्या नातवानं, तो सध्या फौजेत आहे.

तेराव्यानंतर लेकीनं घरखर्चाची वही आणि पैशाचा डबा माझ्याकडं आणून दिला. म्हणाली, काका, तुम्ही बघा. वही शेवटच्या दिवशीपर्यंत लिहिलेली होती. त्या दिवशीच्या नोंदी दोनच: दूध आणि तीळगूळ. खाली शिल्लक रोख. मी डबा ओतून मोजला. मग चष्मा पुसून परत मोजला. मग नातवाला मोजायला लावलं. वहीपेक्षा डब्यात चाळीस रुपये जास्त आहेत.

मागची सहा महिन्यांची पानं मी तपासली, बेरजेत चूक नाही. बँकेत असतं तर सस्पेन्स खात्यात टाकून मोकळा झालो असतो. पण हे त्यांचं आहे, असं टाकवत नाही. मला वाटतं, त्या शेवटच्या एक-दोन दिवसांत कुणीतरी त्यांना काहीतरी परत केलं असणार, उसने नाहीतर मोड, आणि रात्री लिहू म्हणून राहिलं. तर आपल्यापैकी कुणी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मेजरांच्या हातात चाळीस रुपये दिले असतील, तर कृपया कार्यक्रमानंतर मला भेटावं. नाव आणि कशाबद्दल, एवढंच सांगा. वही मी बरोबर आणली आहे.